हरभऱ्याने गाठींचा रस तोडला

बांधावरची बाभूळ अजून रोप होती, तेव्हाची गोष्ट. हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींत बारीक जीव राहत. ते हवेतून खत ओढून त्याचे दाणे पोसत आणि बदल्यात त्याचा रस पीत.

एकदा शेतात खताचं पोतं आलं. “मी असताना या फुकट्यांना कशाला पोसतोस?” ते म्हणालं. हरभऱ्याने जिवांचा रस बंद केला आणि नुसत्या पाल्याने माजला. घाटे लागले तेव्हा पोतं रिकामं झालं होतं. दाणे पोचटच राहिले.

“अरे, वाचवा मला!” हरभरा मुळांकडे बघून ओरडला.

“आता आठवलो होय रे?” मातीत उरलेला म्हातारा जीव कडाडला. “आमची पोरं उपाशी मारलीस! आम्ही थांबलोय ते तुझ्यासाठी नाही. तुझा एखादा धड दाणा इथे रुजेल. त्याला आधी तुझी करणी सांगू, मगच पोसू.”