नळ्यानं पाजलेलं तेल

"अर्धा चमचा? आरं, अर्ध्या चमच्यात माझ्या कुत्र्याची जीभ तरी भिजंल का?"

लोंढे डाक्तर तिथं नव्हताच. त्यो तालुक्याला जनावरांच्या दवाखान्यात बसला असंल. पर खाशाबा वढ्याच्या वाटंनं त्याच्याशीच भांडत निघाला हुता. खांद्यावर कुत्रं, कमरंला बांबूचा नळा, आन तोंडाचा पट्टा सुरू.

"म्हणं भाकरीवर टाका. म्हणं पयल्यांदा थेंबभर द्या, पचतंय का बगा. मला शिकीवतोय. माझ्या आज्यानं बैल पाळलं, बापानं पाळलं, आन ह्यो मला चमचा दावतोय."

कुत्र्याचं नाव हौश्या. चांगलं थोराड, मेंढराएवढं. त्याचं केस गळाय लागलं म्हणून खाशाबानं त्याला डाक्तरला दावलं. डाक्तरनं माशाच्या तेलाची बाटली दिली. ती बाटली बगूनच खाशाबाचं डोस्कं फिरलं. एवढंसं तेल, आन त्यातलं बी अर्धा चमचा. तिथंच, चारचौघांत, त्यो डाक्तरला म्हणला, "तू चिमण्यांचा डाक्तर हाईस. कुत्र्याच्या नादाला लागू नगो."

घरी आला आन बेंदराच्या सणाला बैलाला तेल पाजत्यात तसंच त्यानं केलं. सगळी बाटली लोट्यात वतली. कमी दिसली म्हणून वरनं करडईचं तेल वतलं. नळा भरला. कुत्रं गुडघ्यात दाबलं, मान वर केली, आन दिलं घशात सोडून.

सकाळपास्नं हौश्या वकत हुता. मागनं बी तेलच जात हुतं. आन खोकत हुता, घशात कुसळ अडकल्यावानी. दुपारी तर उठंनाच.

वढ्याकाठच्या मठाच्या पायरीवर म्हातारा हिरागिरी गोसावी चवळीच्या शेंगा सोलत बसला हुता. खाशाबाचा बाप त्याला लई मानायचा. खाशाबा बी मानायचा. म्हंजी, पटंल तेवढं.

खाशाबानं कुत्रं त्याच्याम्होरं ठेवलं.

"अंगारा द्या, महाराज."

"कुणाला?"

"ह्याला. पाण्यात कालवतो आन पाजतो."

"कशानं?"

खाशाबानं कमरंचा नळा काढून दावला.

गोसाव्यानं नळ्याकडं बगितलं. मग हौश्याच्या बरगडीवर हात ठेवला. आत घरघर चालली हुती.

"काय दिलंस?"

"चांगलंच दिलं. डाक्तरचं माशाचं तेल, वर करडईचं. घरात भाजीला तेल पुरत न्हाई, पर ह्याला हात आखडला न्हाई म्या. कोण करतं का कुत्र्याचं एवढं?"

"डाक्तर काय म्हणला हुता?"

"अर्धा चमचा. भाकरीवर. वकलं, पातळ झालं तर बंद करा. दुसरं तेल मिसळू नगा. घशात वतू नगा..."

"सगळं ध्यानात हाय की तुझ्या."

खाशाबा तापला. "ध्यानात हाय म्हणून काय झालं? इख दिलं का मी? बैल लोटाभर पितो, शिंग हालवत उठतो."

"ह्यो बैल हाय का?"

खाशाबानं नळा परत कमरंला खोवला.

"डाक्तरकडं परत का न्हाई गेलास?"

"त्याच्याकडं? चारचौघांत बोललोय मी त्याला. आता पडलेलं तोंड घिऊन गेलो तर हसंल की त्यो."

गोसाव्यानं शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"आण नळा."

खाशाबाला बरं वाटलं. आता म्हातारा अंगारा कालवणार, कायतरी पुटपुटणार, आन कुत्रं उठणार. पर गोसाव्यानं रांजणातलं नुसतं पाणी नळ्यात भरलं.

"बस खाली. आ कर."

"मी?"

"आ कर म्हणतोय."

तीर्थ असंल म्हणून खाशाबानं आ केला. म्हाताऱ्याचा हात बगायला काटकीवानी. पर त्यानं जबडा धरला तो सांडशीनं धरल्यागत. मान मागं लोटली, आन नळा घशात रिता केला.

खाशाबाच्या नाकातनं पाणी आलं. डोळं लाल. ठसका थांबंना. गुडघ्यावर पडून त्यो खोकला, थुकला, परत खोकला.

"मारताय का काय मला?"

"आरं, गार पाणी हाय. चांगलंच दिलं."

"चांगलं? मी मान फिरवत हुतो की. कळत न्हाई का तुमाला? माणूस मान फिरवतंय तर सोडायचं का दाबायचं?"

गोसाव्यानं रिता नळा पायरीवर ठेवला.

हौश्या खोकला. आत्ता खाशाबा खोकला हुता, अगदी तसाच.

खाशाबानं धोतरानं तोंड पुसलं. लई येळ पुसत राह्यला...

"त्यानं फिरवली हुती का मान?" गोसाव्यानं इचारलं.

"...व्हय."

"मग?"

"म्या गुडघा आणखी दाबला."

खाशाबानं हौश्याच्या मानंवरनं हात फिरवला.

"चुकलं, महाराज. आता नळा न्हाई. नुसता कपाळाला लावतो. चिमूटभर अंगारा द्या."

"कुणासाठी?"

"हौश्यासाठी."

"का तुला डाक्तरचं तोंड बगाय नगो म्हणून?"

खाशाबानं खाली बगितलं. हौश्यानं त्याच्या पायाच्या अंगठ्यावर नाक टेकलं हुतं. ज्यानं दाबलं त्याच्याच पायावर.

"त्यो हसंल, महाराज."

"हसू दे. त्याचं हसून झालं की किती वतलंस ते खरं सांग. ऊठ. उचल कुत्रं."