बैठकीखालचा भुसा

फार पूर्वी, ज्या काळाची नोंद कोणी ठेवली नाही अशा काळी, नदीकाठी एक नगर होते. त्या काळी पशुपक्षीही बोलत असत असे सांगतात. या कथेत मात्र माणसेच बोलतात. कारण चूक माणसाची होती, आणि ती माणसांनीच दुरुस्त केली.

त्या नगरात रथसप्तमीची एक रीत होती. ज्या मुलाला सातवे वर्ष लागले असेल, त्याला राजवाड्यातून एक पेटी मिळे. पेटीत लाकडी रथाचे सुटे भाग असत: चार चाके, दोन आस, एक तळफळी, चार खांब, छत्र आणि मूठभर खुंट्या. ते भाग मुलाने एकट्याने जोडायचे. हत्यार घ्यायचे नाही, डिंक लावायचा नाही, मोठ्यांनी बोटही लावायचे नाही. मग रथाला दोरी बांधून सूर्यमंदिराला एक फेरी घालायची.

रथ चालला, की ते मूल ‘हाताचे झाले’ असे म्हणत, आणि त्या दिवसापासून त्याला घरच्या कामात घेत. रथ अडला, तर तो उचलून घरी न्यायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा बसायचे. अशी संधी तीनदा मिळे. चौथ्यांदा मिळत नसे.

कोणाच्या पेट्या घ्यायच्या, हे एक वृद्ध सुतार ठरवी. सारे त्यांना पारखीबुवा म्हणत. लाकडावरून हात फिरवून ते झाड कोणत्या उतारावर वाढले हे ते सांगतात, अशी त्यांची ख्याती होती; आणि ख्याती क्वचितच खरी असली, तरी ही खरी होती. दर मार्गशीर्षात कारागीर आपापले नमुने पाठवीत. पारखीबुवा प्रत्येक रथ स्वतः जोडून पाहत, मगच निवड करीत. तीस वर्षे हा क्रम चालू होता.

पारखीबुवांना वेणू नावाची नात होती. सातव्या वर्षी तिचा रथ पहिल्याच वळणावर अडला. आठव्या वर्षी आस चाकात शिरेना, आणि जोर लावताच मोडला. आता तिसरी आणि शेवटची रथसप्तमी जवळ आली होती. वेणू मात्र कशालाही हात लावेनाशी झाली होती.

एके सकाळी आजीने तिला ताक घुसळायला सांगितले. ती दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहिली.

“रवी मोडेल,” ती म्हणाली.

“अगं, तुझ्या पणजीपासूनची रवी आहे ती. तिच्याकडून नाही मोडली, तुझ्याकडून मोडेल?”

“मोडेल. माझे हातच वाईट आहेत. सगळे म्हणतात, पारख्याच्या घरी आंधळे हात जन्मले.”

पारखीबुवांनी ते ऐकले आणि त्यांना लागले. तरी ते इतकेच म्हणाले, “घाई करते पोर. हात स्थिर ठेवायला हवा. मला कधी आली का अडचण?”

त्यांना खरोखरच कधी अडचण आली नव्हती. ते सत्यच सांगत होते, आणि नेमकी तिथेच खोट होती.

त्या वर्षी निवडीला दोन पेट्या उरल्या. एक नगरातल्या मोठ्या कारखान्याची होती. तिच्या झाकणावर सोनेरी रथ आणि सात घोडे रंगवलेले होते. छत्रावर बारीक वेलबुट्टी होती. दुसरी नदीपलीकडच्या कातारणीची होती. ही बाई लाकूड कातून खेळणी करी. तिच्या पेटीवर चित्र नव्हते आणि भागांवर रंगही नव्हता.

पारखीबुवांनी पहिल्या दिवशी कारखान्याचा रथ जोडायला घेतला. दुपार झाली, पण रथ असा देखणा उभा राहिला की त्यांचे मन भरले. दुसऱ्या दिवशी कातारणीचा रथ घेतला. तोंडातले पान संपायच्या आत तो जोडून झाला. त्यांनी तो बाजूला सारला.

“यात हाताला कामच नाही,” ते म्हणाले. “पोरखेळ आहे नुसता.”

याच कारणाने त्यांनी कातारणीची पेटी मागची दोन वर्षेही परत पाठवली होती.

तेवढ्यात आजी केरसुणी घेऊन आली. “अहो, जरा उठा. काल तुमच्या बैठकीखालून सूपभर भुसा निघाला. आज किती आहे, बघू द्या.”

“लाकडाचे काम म्हटले की भुसा पडणारच.”

“लाकडाचे काम? तुम्ही तर रथ जोडत होतात ना? त्याला हत्यार लावायचं नाही म्हणतात.”

“मी हत्यार लावलेच नाही.”

“मग भुसा काय आढ्यातून गळला?”

पारखीबुवांनी मांडीशेजारी पाहिले. लहान कानस तिथेच पडली होती. ती केव्हा हातात घेतली, किती वेळा घासली, यातले त्यांना काहीही आठवेना. आजीने बैठक उचलली. कातारणीचा रथ जोडला होता तिथे केरसुणीला काहीही लागले नाही.

पारखीबुवांनी वाद घातला नाही. त्यांनी खात्री करून घेतली. दोन्ही पेट्यांचा आणखी एकेक नमुना मागवला आणि आजीसमोर ठेवला. “मी काही बोलणार नाही,” ते म्हणाले. “तू जोड.”

“मी? मला पोळपाट तेवढा कळतो.”

“म्हणूनच.”

कारखान्याचे चाक आजीला आसावर चढवता येईना. भोक केसभर तिरपे होते. खांब एक बसवावा तर दुसरा निसटे. तिने शेवटी हात जोडले. कातारणीचा रथ मात्र तिने शेजारणीच्या सुनेची हकिकत सांगता सांगता उभा केला. हकिकत अजून अर्धी राहिली होती.

पारखीबुवांना आता कळले. ज्या रथांनी त्यांच्या वाकबगार हातांना भरपूर काम दिले, तेच त्यांनी तीस वर्षे निवडले होते. आणि ज्यांच्याजवळ कानस नाही, अशा मुलांपुढे ते ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी ते नावेने पलीकडे गेले. कातारीण ओसरीवर बसली होती. तिच्याजवळ एक वृद्ध शेजारीण अंदाजाने चाचपडत रथ जोडत होती; तिला फारसे दिसत नसे.

“दर खेपेला पहिला रथ या आत्यांकडून जोडून घेते,” कातारीण म्हणाली. “त्यांना जोर लावावा लागला, की सगळी खेप पुन्हा कातायची.”

“सगळी?”

“एकच चाक चुकलं असं होत नाही, बुवा. साचाच चुकलेला असतो.”

“एवढे करून लोक तुझे नाव घेतात का?”

ती हसली. “जुळलं तर लोकांना वाटतं, आपलंच कसब. न जुळलं तर वाटतं, आपलेच हात वाईट. कातारीण कुणाला आठवायची?”

पारखीबुवांनी मान खाली घातली. मग त्या वृद्ध शेजारणीला आणि कातारणीला, दोघींनाही, त्यांनी वाकून नमस्कार केला. तीस वर्षांत त्यांनी कोणा कारागिराला नमस्कार केला नव्हता. सारे त्यांनाच करीत.

तिथून ते थेट राजाकडे गेले आणि काही न लपवता सर्व सांगितले. राजाने विचारले, “मग इतक्या वर्षांत ज्यांचे रथ अडले, त्यांचे काय?”

“त्यांच्यात खोट होती, असे आता मला म्हणता येत नाही. त्यांना पुन्हा बसू द्यावे. वय कितीही असो.”

राजाने तशी दवंडी पिटवली. त्या वर्षासाठी कातारणीच्या पेट्या निवडून पारखीबुवा घरी आले आणि नातीसमोर खाली बसले.

“वेणू, चूक तुझ्या हातांची नव्हती. माझ्या हातांची होती.”

“तुमचे हात तर चांगले आहेत, आजोबा.”

“जरा जास्तच चांगले. समोरची खोट ते मला न सांगता झाकत राहिले.”

वेणूने थोडा विचार केला. “आणि हाही अडला तर?”

“तर देवळासमोर उभा राहून सांगेन, की निवड माझी होती.”

रथसप्तमीला अंगणाअंगणांत गोवऱ्यांवर दूध उतू गेले. देवळासमोर मुले पेट्या उघडून बसली, आणि त्यांच्या ओळीत, लाजत लाजत, काही मिशीवाले बाप्ये आणि लेकुरवाळ्या बायाही बसल्या. “मामा, तुमचं छत्र उलटं आहे,” असे एक पोरगे ओरडले, आणि मामांनी ते मुकाट्याने सुलटे केले.

वेणूने पहिली खुंटी हातात धरून कितीतरी वेळ घालवला. मग ती भोकावर टेकवली. खुंटी आत गेली. तिने दुसरी घेतली. पुढे कोणाकडेही न पाहता तिने चारी चाके बसवली, छत्र चढवले, दोरी बांधली आणि ती उठली. रथ पहिले वळण पार करून गेला, दुसरेही, आणि फेरी पुरी झाली.

“मी केला!” ती ओरडली. “आजोबा, मी केला!”

“तूच केलास,” पारखीबुवा म्हणाले. “आता चल, आणखी कोणी केला तेही तुला दाखवतो.”

ते तिला घाटावर घेऊन गेले आणि पलीकडचा काठ दाखवून त्यांनी कातारणीची आणि आत्यांची हकिकत सांगितली. वेणूने नावाड्याच्या हाती तिळगूळ दिला आणि बजावले, “पलीकडच्या कातारणीला द्या. आणि ज्यांना नीट दिसत नाही, त्या आत्यांनाही. वाटेत खाऊ नका.”

तेव्हापासून त्या नगरात रथाची फेरी देवळापाशी संपत नाही. ती घाटापर्यंत जाते, आणि ज्याचा रथ चालला तो तिथे थांबून पलीकडच्या काठाला हात जोडतो.

तात्पर्य: आपल्या हातून जे सहज जुळते, त्यासाठी कोणीतरी आधीच झिजलेले असते, म्हणून यशात स्वतःचे कसब मोजण्याआधी त्याचे ऋण मानावे.