मापात पंजा

"मग हे पुस्तक पोरांना सांगता कशाला?"

प्राध्यापक वामन टेंभेकरांनी पुस्तक ओट्यावर ठेवले. लाल बांधणीचे, इंग्रजी, व्हिक्टोरिया राणीच्या काळातले. धरणावरचा कुणी गोरा इंजिनियर जाताना मठात विसरून गेला होता.

गंगागिरीबुवा शेंगा सोलत होते. गोसावी होण्याआधी ते शाळामास्तर होते. टेंभेकर त्यांच्याच हाताखाली शिकलेले. दर शनिवारी दुपारी बुवा या पुस्तकातली गोष्ट मराठीत सांगत.

"पोरं हसतात," बुवा म्हणाले.

"त्यांना काय कळतं? मी सात वर्षं असली पुस्तकं अभ्यासली. ही लहान मुलांची नाहीतच, बुवा. अनाथ उंदरांचा आश्रम, आणि त्यावर अध्यक्ष बोका. दूध वाटताना मापात पंजा बुडवतो. उंदीर कमी होत जातात, तर हा अहवालात लिहितो, तक्रारी कमी झाल्या. ही विलायतेतल्या धर्मादाय संस्थांची टर आहे."

"हं."

"आणि ती बदकबाई..." टेंभेकरांनी आवाज खाली आणला. "बोका तिच्याकडे रोज चहाला जातो. तो चहा नव्हे."

"पोरांनी विचारलं होतं. बोक्याची बायको कुठं असते म्हणून."

"मग? काय सांगितलंत?"

"माहेरी."

टेंभेकर हसले नाहीत.

"आज गोष्टीनंतर मला अर्थ सांगू द्या. गाव नुसतं खिदळतं. मला बघवत नाही."

"मठाची रीत आहे, वामन. गोष्ट संपली की उठायचं. अर्थ सांगायचा नाही."

"ही रीत अडाणीपणाची आहे."

बुवांनी टरफले गोळा केली. बराच वेळ लावला...

"सांग," ते म्हणाले.

दुपारी मठाच्या मंडपात पोरे पुढे बसली. मोठी माणसे मागे, पोरांना न्यायला आल्यासारखी. शाळा समितीचे अध्यक्ष रावसाहेब इंगवले नातवाला मांडीवर घेऊन खांबाला टेकले. नातू अकरा वर्षांचा. मांडीत मावत नव्हता. शाळेत सकाळी पोरांना दूध मिळे, ते रावसाहेब स्वतः मापाने वाटत.

गोष्ट झाली. बोक्याने पंजा बुडवला तेव्हा सगळ्यांत मोठ्याने रावसाहेब हसले. डोळे पुसावे लागले.

टेंभेकर उभे राहिले.

"मंडळी, बोका म्हणजे मांजर नव्हे. बोका म्हणजे संस्थेचा अध्यक्ष. पोरांचं दूध मोजणारा, आणि मोजताना..."

मागे कोणी तरी खोकले. जो तो जमिनीकडे पाहू लागला.

रावसाहेबांनी नातवाला मांडीवरून उतरवले. टोपी घातली.

"आम्हाला वाटलं, मांजराची गोष्ट आहे," ते म्हणाले आणि निघून गेले.

मंडप रिकामा झाला. टेंभेकरांचा चेहरा उजळला होता.

"पाहिलंत? इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना कळलं."

"पहिल्यांदा?" बुवा म्हणाले. "शनिवारी रावसाहेब गोष्ट ऐकून गेला की बुधवारपर्यंत त्याचा अंगठा मापाबाहेर असायचा. पोरांना पेला भरून दूध मिळायचं."

"...आणि बुधवारनंतर?"

"मग पुन्हा शनिवार यायचा."

टेंभेकर खाली बसले.

"ते आता येतील ना?"

"कसा येईल? नातवाच्या नावानं येत होता."

बाहेर पोरे बोक्याची नक्कल करत होती. एकाने पेल्यात अंगठा धरला होता. टेंभेकर ते पाहत राहिले.

"मी काय करू, बुवा?"

बुवा पुस्तक फडक्यात बांधत होते.

"पुढच्या शनिवारी ये. ढोलकी फोडून आत नाद शोधणाऱ्या कावळ्याची गोष्ट आहे."

टेंभेकरांनी मान वर केली.

"ती... मोठ्यांसाठी आहे का?"

"छे," बुवा म्हणाले. "पोरांसाठी."