भुरक्याचा पहारा

फार जुनी नाही, आमच्या शाळेत इंग्रजी आल्यानंतरचीच ही गोष्ट. शाळेमागच्या बाभळीखाली सातभाई पक्ष्यांचा थवा किडे टिपायचा. बाकीचे टिपत असताना एकाने वर बसून पहारा द्यायचा, ही त्यांची रीत. भुरका मात्र पहाऱ्यावर बसूनही दहावीच्या वर्गाकडे कान लावायचा आणि इंग्रजीतले अवघड शब्द पाठ करायचा.

एकदा शिक्रा आला. भुरक्याने त्याला सर्वांत आधी पाहिले. ‘डेंजर’ म्हणावे, तर ते शेळ्यांनाही येते. ‘पेरिलस’ म्हणावे, की कालचा ‘कॅटॅस्ट्रॉफिक’?

तेवढ्यात शिक्रा झेपावला. “पळा!” थव्यातली थोरली आक्का किंचाळली. सगळे काटेरी झुडपात घुसले. धाकट्या ठेंगूची शेपटी मात्र शिक्र्याच्या पंजात राहिली.

“अरे, तुला दिसला नव्हता का?” आक्काने विचारले.

“दिसला होता, आक्का. पण शोभेल असा शब्द...”

“नुसतं ओरडायचं होतं रे! भाषण करायचं नव्हतं! किती वेळा सांगायचं?”

भुरका ओशाळून ठेंगूजवळ सरकला. काहीतरी बोलावे म्हणून त्याने चोच उघडली.

“दादा,” ठेंगू वैतागून म्हणाला, “शेपटीला इंग्रजीत काय म्हणतात, ते आत्ता नको सांगूस.”

आणि तो तसाच, बिनशेपटीचा, पहाऱ्याच्या फांदीवर जाऊन बसला.