अर्धी वाचलेली कादंबरी

एकदा एक वाचक होती, मोठी जिद्दीची. शर्वरी तिचे नाव. तिच्या गावच्या वाचनालयात एक रीत होती. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी एकाने उठावे, नव्या कादंबऱ्या वाचून आपल्याला काय वाटले ते सांगावे, आणि ऐकणाऱ्यांनी त्यावरून पुढचे पुस्तक ठरवावे. हे काम वर्षानुवर्षे पाध्ये गुरुजी करीत आले. त्यांनी सांगितलेले पुस्तक लोक बिनदिक्कत घरी नेत. आता मात्र गुरुजींची दृष्टी गेली होती, आणि काम कोणाच्या हाती सोपवायचे हे येत्या शनिवारी ठरायचे होते. ते आपल्यालाच मिळाले पाहिजे, हे शर्वरीने मनाशी पक्के केले होते.

म्हणून आदल्या दिवशी ती दोन कादंबऱ्या काखोटीला मारून तालमीसाठी गुरुजींच्या घरी गेली. गुरुजी झोपाळ्यावर बसून होते. "हं, बोल," ते म्हणाले.

पहिली कादंबरी बाजाच्या पेट्या दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याची. तिच्यावर जाणकारांनी भरभरून लिहिले होते, आणि शर्वरीही भरभरून बोलली. मौनाचे विविध स्तर काय, अस्तित्वाची पोकळी काय, मराठी कादंबरीला मिळालेले नवे वळण काय! एका शब्दाला अडखळली नाही. दुसरी कादंबरी अद्भुताची. मेलेल्या माणसांचे आवाज मडक्यांत भरून ठेवणारे एक राज्य, आणि आपल्या आईचा आवाज चोरायला राजाच्या कोठारात शिरलेली कुंभाराची पोर.

"ही आपली करमणुकीची," शर्वरी म्हणाली. "शेवटी तिला मडकं सापडतं. वाटतं, आता आई काहीतरी मोठं बोलेल. तर आतून आवाज येतो, 'पाय धुऊन आत ये गं.' एवढंच." ती थांबली, मग घाईघाईने म्हणाली, "असो. प्रवासात वाचायला ठीक आहे."

गुरुजींनी पायाने झोपाळा थांबवला. मग म्हणाले, "ती पेटीवाल्याची कादंबरी समोरच्या कपाटात ठेव आणि कुलूप लाव. उद्या तिच्याविषयी चकार शब्द काढायचा नाही. दुसरीवर बोल."

शर्वरी चक्रावलीच. "अहो गुरुजी, पण मोठी कादंबरी तीच आहे. या मडक्यांवर बोलले तर ती कादंबरी वाखाणत फिरणारे सबनीस वकील मला हसतील. म्हणतील, ही अजून परीकथाच वाचते."

"हसू देत. कुलूप लाव."

तिने कुलूप लावले, पण रागाने. किल्ली गुरुजींच्या पुढ्यात ठेवताना मुद्दाम आवाज केला. गुरुजींना हसू आले.

"चिडलीस ना? ऐक मग. मला दिसत नाही, त्यामुळे हल्ली मी फार नीट ऐकतो. पहिल्या पुस्तकाबद्दल तू शोकसभेत बोलतात तशी बोललीस. गेलेला माणूस थोर होता, पण आपली ओळख नव्हती. दुसऱ्यापाशी तू मधेच थांबलीस, आणि ते लपवायला तू त्या बिचाऱ्या पुस्तकालाच नावं ठेवलीस. पुस्तक थोर की सामान्य, हे सांगणारे पुष्कळ आहेत, पोरी. ते पुस्तक एका माणसाच्या घरी गेलं तेव्हा तिथं काय घडलं, हे ऐकायला लोक शनिवारी येतात. ते तुला सांगायचं नसेल, तर हे काम तुझं नव्हे."

शेवटचे वाक्य शर्वरीला फार लागले. तिचे तोंड उतरले. "गुरुजी," ती हळूच म्हणाली, "पहिली मी अर्धीच वाचलीय. पुढे सरकेचना. पण सगळे वाखाणतात, मग मी कोण..."

"वाचक," गुरुजी म्हणाले. "आणखी कोण असायला हवं?"

शर्वरीने डोळे पुसले आणि हात पुढे केला. "मग किल्ली द्या. उद्या मी दोन्हींवर बोलणार. जे झालं तेच सांगणार." गुरुजींनी एक शब्द न विचारता किल्ली दिली.

शनिवारी सभागृह भरले. सबनीस वकील पहिल्याच रांगेत, हाताची घडी घालून. शर्वरी दोन्ही पुस्तके घेऊन उभी राहिली.

"मडक्यांची कादंबरी संपवून मी स्वयंपाकघरात गेले," ती म्हणाली. "आई भाजी निवडत होती. मला बघून म्हणाली, किती पसारा केलायस खोलीत. एरवी मी उलट उत्तर देते. त्या दिवशी नुसती उभी राहिले, तिनं आणखी बोलावं म्हणून." कोणी हसले नाही. "आणि ही पेटीवाल्याची. ही मी अर्धीच वाचलीय. तो म्हातारा एक सूर जुळवायला अख्खं प्रकरण घेतो, मला धीर धरवला नाही. दोष पुस्तकाचा की माझा, हे पुरी वाचल्याशिवाय मी सांगणार नाही. पण वाचणार आहे."

गुरुजींनी तिथल्या तिथे सांगून टाकले, "पुढच्या महिन्यापासून हीच बोलेल."

मडक्यांच्या कादंबरीसाठी टेबलाशी गर्दी झाली. सबनीस वकील मात्र पेटीवाल्याची कादंबरी उचलून शर्वरीजवळ आले. इकडेतिकडे पाहत खालच्या आवाजात म्हणाले, "मीसुद्धा हिच्या मध्यावरच अडकलो होतो. बाहेर मात्र वाखाणत फिरलो. आता घेऊन जाऊ का?"

शर्वरीने पुस्तक त्यांच्या हातातून अलगद काढून घेतले. "आधी मी संपवते, काका. मग तुम्ही न्या. आणि या खेपेला आपण दोघं खरं काय वाटलं ते बोलू."

वकिलांनी मान डोलावली. आपण वाखाणलेल्या पुस्तकांपैकी खरोखर वाचलेली किती, हे ज्याचे त्याने मनातल्या मनात पाहावे.