केशाईची जट

एका राज्यात भिवराईचं म्हणणं कुणी म्हणता कुणी खरं मानलं नाही. तिनं दरबारात ओरडून सांगितलं, पाणवठ्यावर सांगितलं, देवळाच्या पायरीवर उभी राहून सांगितलं, "अरे, पोरींच्या डोक्यात होते ती देवीची जट नव्हे, गुंता आहे गुंता! कुरळ्या केसांना पाणी तोडलं, तेल तोडलं, तर दुसरं काय होणार?" लोक कानांवर हात ठेवत. देवी कोपेल म्हणत आणि वाट बदलत.

ही भिवराई राजा पद्मसेनाची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा या भावाला तिनंच कडेवर घेऊन वाढवलं, आपल्या ताटातला घास त्याला भरवला. पुढे त्याला लेक झाली, कुंदाई. पोरीचे केस असे कुरळे, की एकेक बट काकडीच्या वेलाच्या तणाव्यासारखी गोल फिरून वर चढे. ते केस आत्याच धुवायची. ओले असतानाच बोटांनी सोडवायची, जुन्या मऊ लुगड्यानं टिपायची, कोरड्या केसांना फणी लावू द्यायची नाही. दासी हसत. हसू देत.

त्या राज्याची रीत अशी, की राजाची लेक वयात आली की राजानं उठावं आणि लेकीनं गादीवर बसावं. कुंदाईच्या अभिषेकाची तयारी झाली, तोरणं लागली, आणि एका सकाळी तिच्या मानेवर जट दिसली. काळी, कडक, दोरखंडासारखी. रोज वाढे.

राजाचा मांत्रिक करालनाथ म्हणाला, "केशाईचं बोलावणं आलं. या केसांना पाणी नाही, तेल नाही, फणी नाही. जट भुईला टेकली की मुलगी देवीच्या डोंगरावर सोडावी. देवीच्या मुलीला गादी चालत नाही."

राजानं डोळे पुसले. "देवीपुढे कुणाचं काय चालतं, अक्का?"

"माझं चालेल," भिवराई म्हणाली.

तिनं पोरीला आत नेलं. जटेवर पाणी ओतलं, तर पाणी जटेला न शिवता वळून गेलं. कात्री लावली, तर कात्री मेणासारखी वितळली. कुंदाई रडली नाही. एवढंच म्हणाली, "आत्या, मला डोंगरावर एकटीला सोडतील का गं?"

"माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही," आत्या म्हणाली, आणि पदर खोचून केशाईच्या डोंगराकडे निघाली. देवीनं पोर मागितली असेल तर देवीलाच जाब विचारावा, म्हणून.

डोंगराच्या पायथ्याशी साळुंक्यांचा थवा होता. त्यांतली एक म्हणाली, "बाई, पाय जपून टाक. लोक जिला पायवाट म्हणतात ना, ती देवीच्या केसांची बट आहे."

भिवराईनं वर पाहिलं. तो डोंगर नव्हताच. आभाळाला डोकं टेकवून एक बाई बसली होती. तिच्या कुरळ्या केसांत रानं उगवली होती, ओढे अडकले होते, ढग वाट चुकून बसले होते. आणि ते सगळे केस जटा होऊन दगडासारखे घट्ट झाले होते. भिवराईनं उभ्या जन्मात कुणापुढे मान लववली नव्हती. तिथे ती आपोआप लवली.

"जाब विचारायला आलीस?" केशाई बोलली, तेव्हा दरीतलं धुकं हललं.

"हो. आमची पोर कशाला मागितलीस?"

"मी कुणाची पोर मागितली नाही. माझ्या नावानं पोरी आणून सोडतात. माझं डोकं धुवायला एक जण येत नाही. माझी जट सोडव, मग तुझ्या पोरीचं सांगते. केस भिजव, निसरडे कर, सोडव. एकही केस तुटता कामा नये."

भिवराई म्हणाली, "कुरळे केस मला शिकवू नकोस, आई. मान स्थिर ठेव."

पहिलं काम पाण्याचं. तिनं केसांत अडकलेला एक ढग धरला आणि पिळला. ढग कळवळला, मग मोकळा झाला, आणि पाणी मुळांपासून टोकांपर्यंत झिरपत गेलं.

दुसरं काम निसरडेपणाचं. साळुंक्यांनी रानोरानची जवसं चोचीतून आणली. डोंगराशेजारच्या खडकात एक ऊन पाण्याचं तळं उकळत होतं, त्यात ती टाकली. तळ्याचा गर झाला, अंड्याच्या पांढऱ्यासारखा, बोटांतून तार धरणारा. साळुंक्यांनी पंख बुडवून बुडवून तो केसांवर शिंपडला. दगडासारख्या जटा मऊ पडल्या.

तिसरं काम सोडवायचं. "वरून सुरू कर," एक साळुंकी म्हणाली, "देवीचा मान डोक्याकडे."

"वरून ओढलं की गुंता खाली जाऊन घट्ट बसतो, बाळे. मान मग देऊ, आधी टोकं सोडवू."

ती पायथ्याशी, केसांच्या टोकांशी बसली. बोटांनी एक पेर सोडवलं, मग त्याच्या वरचं, मग त्याच्या वरचं. अशी सोडवत सोडवत चढत गेली. तिच्या मागे ओढे सुटून वाहू लागले, आणि वाहताना वळणं घेऊ लागले, कारण बटाच तशा होत्या. ऋतू पालटला तरी ती चढतच होती. टाळूपाशी शेवटचा पेच सुटला आणि केशाईनं मान हलवली. सगळं आभाळ भुरभुर कुरळं झालं. साळुंक्यांनी पंख झटकले, तर पंखांच्या जागी हात आले. त्या पक्षी नव्हत्याच. आजवर डोंगरावर सोडलेल्या पोरी होत्या त्या. एकमेकींचे चेहरे हातांनी चाचपत बसल्या.

"किती हलकं वाटतंय गं," देवी म्हणाली. मग म्हणाली, "तुझ्या पोरीची जट माझी नाही. तुझ्या या ओल्या बोटांचं आता ती ऐकेल. पण मुळाशी मंत्राची गाठ आहे. ज्यानं ती पाडायला लावली, त्याचं नाव चारचौघांत घे, तरच सुटेल. खोटं नाव घेशील तर आवळेल."

भिवराई पोरींना घेऊन राज्यात परतली, तेव्हा कुंदाईची जट भुईपासून बोटभर वर राहिली होती आणि पालखी दाराशी उभी होती. "पालखी रिकामी परत न्या," ती भोयांना म्हणाली, आणि भर दरबारात पोरीला मांडीशी घेऊन बसली. भिजवलं, जवसाचा गर चोळला, टोकांपासून सोडवलं. जट सुटत सुटत मानेपर्यंत आली. मुळाशी सुपारीएवढी गाठ उरली. तिनं देवीचं म्हणणं सगळ्यांना सांगितलं.

राजा घाईनं बोलला, "मग या करालनाथाचं नाव घे, अक्का! यानंच सगळं केलं!"

ती म्हणाली, "करालनाथ." गाठ आवळली. कुंदाईच्या तोंडून अस्फुट किंकाळी निघाली.

करालनाथ हसला. "मी हुकमाचा ताबेदार, बाई. गाठ माझ्या हातची, हौस दुसऱ्याची."

भिवराईनं गाठ उजेडाकडे वळवली. केसांत तांबडी लाख होती आणि लाखेवर राजमुद्रा. तिनं मान वर केली. गादीवर बसलेला भाऊ तिच्याकडे बघत होता, लहानपणी काही सांडलं की बघायचा तसाच.

"अक्का," तो हळूच म्हणाला, "मी तुझं लेकरू ना?"

"आत्या," कुंदाई म्हणाली, "दुखतंय गं."

मग आत्यानं नाव घेतलं. त्या नावानं काय काय झालं ते आधी ऐका. गाठ फुलासारखी उमलली. लाख पाणी होऊन गळाली. कुंदाईच्या बटा उसळून वर आल्या आणि मुकुट त्यांवर असा बसला, जसं घरट्यात पाखरू बसावं. डोंगरावरून आलेल्या पोरी आपापल्या घरी गेल्या, त्यांच्या आयांनी त्यांना अंगणातच धरून ठेवलं. मांत्रिक हद्दपार झाला. आणि त्या राज्यात जट म्हणून कुणाची लेक पुन्हा कुणी सोडली नाही. जट दिसली की पाणी ठेवायचे, जवस शिजवायचे.

आणि नाव घेताना भिवराईचा आवाज चढला नाही. उभा जन्म ओरडणारी बाई, त्या वेळी ती, लेकराला निजवताना बोलावं तशी बोलली.

"पद्मसेन."