संकष्टीचा चेक

एसटीतून निवृत्त झालेल्या मुकुंदरावांनी फंडाचे सगळे पैसे एका फ्लॅटमध्ये घालायचे ठरवून चेकही लिहिला, हे ऐकून कुमुदिनीबाईंच्या हातातलं मोदकाचं सारण तसंच राहिलं. सकाळीच गणपतीला जाताना ती जागा त्यांनी पाहिली होती. तिथे नुसता बोर्ड होता आणि बाभळी.

समोर बिल्डर रणधीरशेठ बसले होते, कपाळभर शेंदूर लावून. "वहिनी, आज संकष्टी. एकवीस वर्षांत मी एकही मोडली नाही. आजच चेक द्या आणि इमारत उभी राहिलीच असं समजा."

मुकुंदरावांनी चेक पुढे केला. कुमुदिनीबाई आत गेल्या आणि वरणभात, तूप, पाच मोदक असं ताट वाढून घेऊन आल्या.

"जेवून घ्या, भाऊजी."

शेठ दचकले. "आत्ता? दुपारचे चार वाजलेत. चंद्र कुठे उगवलाय?"

"उगवलाच असं समजा."

"असं कसं समजू? व्रत मोडेल माझं."

"एका जेवणासाठी तुम्हाला चंद्र दिसायला हवा," त्या हळूच म्हणाल्या, "आणि ह्यांच्या चौतीस वर्षांच्या कमाईला मात्र नुसतं समजून चालेल?"

मुकुंदराव बायकोकडे बघतच राहिले, जणू ही बाई आजच घरात आली होती. मग पुढे केलेला चेक त्यांनी गुपचूप खिशात घातला.

"ताट झाकून ठेवते," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "चंद्र दिसला की जेवायला या. इमारत दिसली की चेक न्यायला या."